कारखान्याची खानेसुमारी

जालन्यातून औरंगाबादकडे, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरकडे, निघालेल्या वाटसरूला ज्या औद्योगिक वसाहतीच्या भट्ट्यांचा धूर दुरूनच दिसू लागतो, त्या वसाहतीत पंचवीस किंवा अधिक माणसे पदरी बाळगणाऱ्या प्रत्येक कारखानदाराने मार्च, जून, सप्टेंबर आणि डिसेंबर या महिन्यांच्या अखेरच्या दिवशी आपल्या पटावर पुरुष किती व स्त्रिया किती होत्या, हे पुढील तीस दिवसांच्या आत सरकारला कळवावे, असा दंडक १९५९ च्या एका केंद्रीय कायद्याने घालून दिला. या विवरणपत्राला सरकारी भाषेत ‘ई.आर.-१’ म्हणतात. पूर्वी ते टपालाने जात असे. पुढे ते ‘महास्वयं’ या संकेतस्थळावर भरले जाऊ लागले. मुदत जवळ आली की जिल्ह्याच्या कौशल्य विकास व रोजगार मार्गदर्शन केंद्राकडून वृत्तपत्रांतून त्याची आठवणही दिली जाते. कारखान्याच्या कचेरीत हे काम बहुधा हिशेबनिसाच्या किंवा बाहेरच्या कामगार-सल्लागाराच्या हाती सोपवलेले असते, आणि मागच्या तिमाहीचा आकडा समोर ठेवून नवा आकडा लिहिला की ते संपले असे मानले जाते. वास्तविक या विवरणपत्रातला आणि त्याच्या जोडीच्या नोंदवह्यांतला प्रत्येक रकाना कोणत्या ना कोणत्या मनुष्यसमूहाच्या दीर्घ दुःखातून उत्पन्न झालेला आहे, आणि तो रिकामा राहिला म्हणजे काय होते हे जालन्याने फार जवळून पाहिलेले आहे. म्हणूनच या रकान्यांचा इतिहास एकदा सविस्तर सांगितला पाहिजे, असे मला वाटते.

मोजदाद करण्याची विद्या जुन्या राजवटींना अवगत नव्हती असे मुळीच नाही. कुंडलिका नदीच्या एका काठी जुने जालने आणि दुसऱ्या काठी कादराबाद अशी वसलेली ही पेठ विणकामासाठी व व्यापारासाठी इतकी नावाजलेली होती की ‘जालना सोने का पालना’ ही म्हण अजून लोकांच्या तोंडी आहे. आणि अशा पेठेचे मोल सरकारदरबारी ठाऊक नसेल हे शक्यच नव्हते. मोगलाईत, पेशवाईत व निजामशाहीत मोहतर्फा नावाचा जो कर व्यवसायांवर बसत असे, त्याच्या वसुलीसाठी कोष्ट्याचे माग, तेल्याचे घाणे, वाण्यांची दुकाने यांच्या तपशीलवार याद्या दफ्तरात ठेवाव्या लागत, आणि प्रसंगी गावची खानेसुमारीही होत असे. मात्र त्या याद्यांत माग मोजला जाई, मागावर बसलेला मोजला जात नसे. घर मोजले जाई, घरातली कांडी भरणारी मुलगी मोजली जात नसे. सरकारची नजर उत्पन्नावर होती, आणि ज्याच्यापासून उत्पन्न नाही त्याचे नाव लिहून ठेवण्याचे प्रयोजन कोणाला भासत नव्हते. हैदराबाद संस्थानात पहिली पद्धतशीर जनगणना १८८१ साली झाली, त्याच वर्षी ब्रिटिश हिंदुस्थानात पहिला कारखाने कायदा झाला. मनुष्य ही मोजण्याची गोष्ट आहे आणि कामावरचा मनुष्य ही वेगळी मोजण्याची गोष्ट आहे, या दोन जाणिवा आपल्याकडे एकाच वर्षी कायद्यात उतरल्या.

त्या पहिल्या कायद्याची पार्श्वभूमी मुंबईची. १८७५ साली मुंबई सरकारने गिरण्यांच्या चौकशीसाठी एक आयोग नेमला होता, आणि त्यामागे मँचेस्टरच्या गिरणीमालकांचा मत्सर होता हे इतिहासकारांनी पुष्कळ वेळा दाखवून दिले आहे. तथापि हेतू कोणाचाही असो, गिरणीत काम करणारी मुले खरीच होती आणि त्यांचे हालही खरेच होते. १८८१ च्या कायद्याने सात वर्षांखालील मुलांना गिरणीबंदी केली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांचे काम नऊ तासांवर आणले. जन्माची नोंद ज्या देशात जवळजवळ नव्हतीच, त्या देशात मुलाचे वय ठरवायचे कसे, हा प्रश्न लगेच उभा राहिला. डॉक्टराने शरीराच्या बांध्यावरून आणि दातांवरून अंदाज करावा आणि त्याचा दाखला ग्राह्य धरावा, अशी रीत पडली. वयाचा रकाना हा अशा रीतीने कारखान्याच्या पटावरचा पहिला रकाना ठरला. तो किती सहज फसवला जाई हेही लवकरच उघड झाले. एकच मूल दोन दाखले मिळवून सकाळी एका गिरणीत आणि दुपारी दुसऱ्या गिरणीत राबे, आणि दोन्ही पटांवर त्याचे काम कायद्याच्या मर्यादेत बसे. ही दुहेरी नोकरी थांबवण्यासाठी पुढच्या काळात कायद्याला स्वतंत्र कलमे घालावी लागली.

त्या कायद्याची दुसरी उणीव आम्हा मराठवाड्यातल्या लोकांना अधिक जवळची वाटते. शंभरांहून कमी कामगारांचे कारखाने आणि वर्षातून चार महिन्यांपेक्षा कमी चालणारे कारखाने त्यातून वगळलेले होते. म्हणजे कापसाच्या हंगामात रात्रंदिवस धडधडणाऱ्या आणि उन्हाळा लागताच कुलूप पडणाऱ्या जिनिंगच्या गिरण्या सहजच निसटल्या. खानदेशातील अशा जिनांमध्ये बाया पहाटेपासून रात्री उशिरापर्यंत सरकी वेगळी काढीत बसत, अशी साक्ष १८८४-८५ च्या मुंबईतील दुसऱ्या आयोगापुढे झाली. याच आयोगापुढे नारायण मेघाजी लोखंडे यांनी साडेपाच हजार गिरणी कामगारांच्या सह्यांचा अर्ज ठेवला. आठवड्याला एक सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत, अपघात झाल्यास भरपाई, अशा त्यातल्या मागण्या आज साध्या वाटतात. पण मला त्या अर्जाचे महत्त्व वेगळ्याच कारणाने वाटते. मालकाच्या पटावर ज्यांचा केवळ आकडा होता त्यांनी आपली गणना आपण केली, आणि ती सरकारच्या हाती दिली. १८९१ च्या दुरुस्तीने स्त्रियांचे काम अकरा तासांवर आणले, मुलांचे किमान वय नऊ केले आणि साप्ताहिक सुट्टी मान्य केली. स्त्रियांसाठी तास वेगळे ठरले म्हणजे स्त्रिया वेगळ्या मोजणे आले, ‘ई.आर.-१’ मध्ये पुरुष व स्त्रिया अशी जी विभागणी आजचा कारकून यंत्रवत भरतो, तिचे मूळ इतके जुने आहे.

जालना त्या वेळी निजामाच्या मुलखात असल्यामुळे यातले काहीच इकडे लागू नव्हते. हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वेचा मनमाड-सिकंदराबाद लोहमार्ग १९०० च्या सुमारास सुरू झाला, त्याच्यामागोमाग जालन्यात जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले, आणि रेल्वेने कापसाचे गठ्ठे मुंबईला जाऊ लागले तरी मुंबईचा कायदा त्याच रुळांवरून इकडे आला नाही. संस्थानाने स्वतःचा कारखाने कायदा फसली १३३७ मध्ये, म्हणजे १९२८ च्या आगेमागे, केला. हैदराबादवरील पोलीस कारवाईनंतर १९५१ साली केंद्रीय कायदे पूर्वीच्या संस्थानी राज्यांना लागू झाले, आणि १९४८ च्या कारखाने कायद्यातील प्रौढ कामगारांची नोंदवही, बालकामगारांची नोंदवही व वार्षिक विवरणपत्र ही बंधने जालन्याच्या जिनमालकांवर आली.

दरम्यान मुंबईत आणखी एक गोष्ट घडली होती, आणि तिचा उल्लेख आपल्याकडे होतो त्याहून पुष्कळ अधिक व्हायला हवा. १९२१ साली मुंबई सरकारने कामगारांच्या स्थितीची आकडेवारी गोळा करण्यासाठी स्वतंत्र लेबर ऑफिस स्थापन केले आणि त्याच वर्षी ‘लेबर गॅझेट’ हे मासिक सुरू केले. वेतन किती, खर्च किती, संप किती दिवसांचे, हे महिन्याच्या महिन्याला छापून प्रसिद्ध होऊ लागल्यामुळे मालक व मजूर यांच्यातील भांडण पहिल्यांदा आकड्यांच्या आधाराने होऊ शकले. यातला विचार फार मोलाचा होता. मालकाकडून घेतलेली माहिती कपाटात न ठेवता लोकांपुढे ठेवायची. जो आकडा मागायचा तो परत समाजाला द्यायचा. पुढे मजूर-आयोगाने, ज्याला त्याच्या अध्यक्षांच्या नावावरून व्हिटली आयोग म्हणतात, १९३१ च्या अहवालात अशी माहिती कायद्याने मिळवण्याची शिफारस केली, आणि १९४२ साली औद्योगिक आकडेवारीचा पहिला कायदा झाला.

रोजगार विनिमय केंद्रे १९४५ मध्ये निघाली ती महायुद्धातून परतणाऱ्या सैनिकांना कामे लावून देण्यासाठी. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते त्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. युद्ध संपले, फाळणी झाली, निर्वासित आले, आणि ही केंद्रे सर्वसामान्य बेकारांसाठी खुली झाली. परंतु दाराशी आलेल्या बेकारांची नोंद करणे एक, आणि कोणत्या कारखान्यात किती माणसे लागतात हे आधीपासून ओळखणे दुसरे. बी. शिवराव यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने १९५४ मध्ये दुसऱ्या गोष्टीचा आग्रह धरला, आणि त्याचे फळ म्हणजे रोजगार विनिमय केंद्रांना रिक्त जागा कळवणे सक्तीचे करणारा १९५९ चा कायदा; तो १ मे १९६० रोजी, योगायोगाने महाराष्ट्र राज्याच्या जन्मदिवशीच, अमलात आला.

या कायद्याची रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. तिमाही विवरणपत्राखेरीज दर दोन वर्षांनी ‘ई.आर.-२’ नावाचे दुसरे पत्रक मागितले गेले, ज्यात कामगारांची व्यवसायवार वर्गवारी द्यावी लागे. भट्टीवरचा मिस्त्री किती, फिटर किती, टंकलेखक किती, हे सर्व. तिमाही पत्रकात रिक्त जागा किती झाल्या, किती कळवल्या, किती भरल्या, आणि कोणत्या कामाला माणूस मिळत नाही, हेही विचारलेले असे. मात्र माणूस घेतला पाहिजे अशी सक्ती कायद्याने केली नाही. मालकाने फक्त कळवायचे. कळवण्यातूनही अकुशल कचेरीकाम वगळले होते, आणि त्याची व्याख्या करताना कायद्याने दफ्तरी, जमादार, शिपाई, फर्राश, दस्त उचलणारा, पहारेकरी, झाडूवाला अशी मालिकाच दिली. मोगलाईच्या कचेऱ्यांतून चालत आलेली ही माणसे प्रजासत्ताकाच्या रोजगार-गणनेत दाराबाहेरच राहिली. महिना साठ रुपयांहून कमी वेतनाच्या जागाही बाहेर. विवरणपत्र न दिल्यास पहिल्या गुन्ह्याला अडीचशे आणि पुढच्या प्रत्येकाला पाचशे रुपयांपर्यंत दंड ठेवला. खटला भरायचा तर सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी लागे. १९६० साली अडीचशे रुपये ही रक्कम लहान नव्हती. पण दशकांमागून दशके गेली, रुपयाचे मोल उतरत गेले, तरी तीच रक्कम राहिली, आणि ज्या कायद्याची शिक्षा कोणाला जाणवत नाही त्याचे पालन सौजन्यावर अवलंबून राहते.

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १ ऑगस्ट १९६२ रोजी स्थापन झाले. जालन्यात १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी ‘महिको’ सुरू करून बियाण्यांच्या उद्योगाला देशभर प्रतिष्ठा मिळवून दिली. १ मे १९८१ रोजी औरंगाबादेतून वेगळा होऊन जालना जिल्हा झाला. वसाहतीत मग भंगार वितळवणाऱ्या इंडक्शन भट्ट्या आणि सळया ओढणाऱ्या रोलिंग मिल वाढत गेल्या, आणि ज्या शहराची ओळख कापसाची होती त्याची ओळख पोलादाची झाली. भट्टीपुढचे काम उष्णतेचे, धोक्याचे व पाळ्यांचे. त्यासाठी मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश, बिहार येथून माणसे येऊ लागली, आणि त्याच वेळी परतूर, मंठा, घनसावंगी, अंबड येथली कुटुंबे कोयता घेऊन ऊसतोडीसाठी दरसाल जिल्ह्याबाहेर पडत राहिली. जालन्याचा मजूर दुसऱ्याच्या जिल्ह्यात परका आणि दुसऱ्याचा मजूर जालन्यात परका, हे या जिल्ह्याच्या अर्थजीवनाचे मुख्य लक्षण आहे.

परका कोण आणि इथला कोण, हा रकाना सरकारी पटावर आला तो १९६८ मध्ये. ‘मार्मिक’ या साप्ताहिकाने मुंबईतील मोठ्या कचेऱ्यांतल्या अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या छापून मराठी तरुणांच्या मनातला असंतोष शब्दांत आणला होता, १९६६ मध्ये शिवसेना स्थापन झाली, आणि दोनच वर्षांनी राज्य शासनाने उद्योगांत पर्यवेक्षकीय श्रेणीखालच्या जागांवर किमान ऐंशी टक्के आणि पर्यवेक्षकीय जागांवर पन्नास टक्के स्थानिक माणसे असावीत असे धोरण जाहीर केले. २००८ च्या शासन निर्णयाने त्याचा पुनरुच्चार केला आणि राज्यात पंधरा वर्षे अधिवास असणारा तो स्थानिक असे ठरवले. सरकारी सवलती घेणाऱ्या कारखान्यांना मग जिल्हा उद्योग केंद्राकडे स्थानिकांची टक्केवारी कळवणे आले. भूमिपुत्राला काम मिळावे ही इच्छा मला सर्वस्वी न्याय्य वाटते. जमीन ज्यांची गेली त्यांच्या मुलांना फाटकातूनच परत पाठवावे हे कोणत्याही सरकारला शोभणारे नाही. तथापि टक्केवारीच्या या रकान्याला एक मोठी मर्यादा आहे: जो स्थानिक नाही तो त्यात केवळ उरलेला वीस टक्के म्हणून येतो, तो कोण, कोठला, कोणाच्या हाताखाली, हे विचारले जात नाही. हरियाणाने २०२० च्या कायद्याने तीस हजारांपर्यंत वेतन घेणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याची नोंद मालकाकडून मागितली, पण ती पंचाहत्तर टक्के स्थानिकांच्या सक्तीशी जोडली. १७ नोव्हेंबर २०२३ रोजी पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने तो कायदा घटनाबाह्य ठरवला. नोंदीला हद्दपारीचा वास आला की नोंदही जाते, हे त्यातून शिकण्यासारखे आहे.

याउलट अमेरिकेत १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानंतर १९६६ पासून मोठ्या मालकांना दरवर्षी कामगारांचा वंश व लिंग पदश्रेणीवार कळवावे लागते, आणि तिथे या मोजणीचा उद्देश भेदभाव उघड करणे हा आहे. आपल्या खासगी उद्योगांना जातीबद्दल असा प्रश्न कधी सक्तीने विचारला गेला नाही. तो विचारावा की नाही हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. पण न विचारल्यामुळे भेद नाहीसा झाला असे मानण्याला काही आधार नाही, एवढे मी म्हणेन.

परप्रांतीय मजुराचे गाव विचारणारा कायदा मात्र आपल्याकडे झाला, आणि तो पुष्कळ आधी झाला. ओरिसातून ठेकेदार दलालांमार्फत ‘दादन’ मजूर दूरच्या धरणांवर व रस्त्यांवर नेत, आणि एकदा नेले की त्यांची वेतनाची वचने हवेत विरत. त्यावर उपाय म्हणून १९७९ मध्ये आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा झाला व २ ऑक्टोबर १९८० पासून अमलात आला. पाच किंवा अधिक असे कामगार असतील तर ठेकेदाराने भरतीपासून पंधरा दिवसांच्या आत त्यांचा तपशील त्यांच्या मूळ राज्याला आणि कामाच्या राज्याला, अशा दोन्ही सरकारांना द्यावा. प्रत्येकाला छायाचित्र असलेली पासबुक द्यावी. विस्थापन भत्ता आणि जाण्यायेण्याचे भाडे द्यावे. मला या कायद्यातले पंधरा दिवसांचे कलम आपल्या सबंध कामगार-कायद्यातले सर्वांत दयाळू कलम वाटते, कारण माणूस घरापासून दूर गेला तरी दोन सरकारांच्या दफ्तरांत तो एकाच वेळी असावा, अशी त्यामागची कल्पना आहे. परंतु जो ठेकेदाराविना, गावच्या माणसाच्या ओळखीने, स्वतःच आला तो या कायद्याबाहेर राहिला. आणि जे आत होते त्यांच्याही पासबुका क्वचितच कोणाच्या पाहण्यात आल्या. ‘ई.आर.-१’ मध्ये कंत्राटी माणसे धरायला सांगितली आहेत, पण ‘आस्थापनेच्या वेतनपटावरील’ या शब्दांचा आधार घेऊन मुकादमाच्या हाताखालचे बाहेर ठेवता येतात. कंत्राटी कामगार कायद्याची मर्यादा वीस कामगारांची होती, ती महाराष्ट्राने पन्नासपर्यंत वाढवली. त्यामुळे लहान ठेकेदारांच्या टोळ्या त्याही वहीतून सुटल्या.

८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ रेल्वेरुळांवर मालगाडीखाली सोळा मजूर मरण पावले. ते जालन्याच्या पोलाद कारखान्यात काम करणारे, मध्य प्रदेशातल्या उमरिया आणि शहडोल जिल्ह्यांतले; कोरोनाच्या टाळेबंदीत काम थांबले होते, भुसावळहून गावाकडे गाडी मिळेल या आशेने त्यांच्यासह वीस जण आदल्या संध्याकाळी रुळांच्या कडेने पायी निघाले होते, आणि गाड्या बंद आहेत या समजुतीने थकून रुळांवरच झोपले. प्रवासाच्या पाससाठी अर्ज केला होता, उत्तर आले नाही, असे वाचलेल्यांनी सांगितल्याचे तेव्हा छापून आले. १९७९ च्या कायद्याप्रमाणे त्यांची नावे जालन्याच्या आणि त्यांच्या जिल्ह्याच्या दफ्तरांत असती, तर टाळेबंदीच्या पहिल्या आठवड्यातच कोणत्या कारखान्यामागच्या खोल्यांत शिधा पोचवायचा आणि कोणत्या जिल्ह्याकडे किती माणसांची गाडी सोडायची, हे जिल्हा प्रशासनाला हाताशी असते. सप्टेंबरमध्ये केंद्रीय श्रममंत्र्यांनी लोकसभेला सांगितले की एक कोटी चार लाखांहून अधिक स्थलांतरित कामगार घरी परतले, पण वाटेत किती मेले याची आकडेवारी उपलब्ध नाही. सर्वोच्च न्यायालयाने २९ जून २०२१ च्या निकालात असंघटित कामगारांची राष्ट्रीय नोंद तयार करण्यातली केंद्राची दिरंगाई अक्षम्य ठरवली. त्यानंतर २६ ऑगस्टला ‘ई-श्रम’ संकेतस्थळ सुरू झाले. त्यात नोंद कामगाराने स्वतः करायची आहे. ती चांगलीच गोष्ट आहे, परंतु ज्याच्या फाटकातून माणूस रोज आत जातो त्याची जबाबदारी त्यामुळे कमी होते असे मी मानीत नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता अमलात आल्या. १९५९ चा व १९७९ चा हे दोन्ही कायदे त्यांत विलीन झाले. स्वतःहून आलेला मजूरही आता स्थलांतरित कामगाराच्या व्याख्येत धरला गेला, ही चाळीस वर्षांची चूक सुधारली हे स्वागतार्ह आहे. पण जुन्या कायद्यांचे अपयश शब्दांमुळे कमी आणि आळसामुळे अधिक आले होते, आणि तो आळस नव्या संहितेलाही गाठू शकतो.

जालन्याच्या कारखानदारांना म्हणूनच माझी विनंती आहे की त्यांनी नियमांच्या बारीक अर्थाची वाट पाहू नये. आपल्या फाटकाच्या आत काम करणाऱ्या प्रत्येक माणसाचे नाव, गाव, जिल्हा आणि घरच्या एका माणसाचा पत्ता, मग त्याची मजुरी कोणीही देवो, येत्या तिमाहीपासून लिहून ठेवावा व जिल्हा प्रशासनाच्या स्वाधीन करावा. आणि प्रशासनाने ती यादी केवळ त्या माणसांच्या संरक्षणासाठी वापरण्याचे वचन लेखी द्यावे.